गौरीचा अल्बम आणि माझा सकाळचा चहा

शुक्रवार, संध्याकाळ. लातूर

किती लांबवावं माणसानं! देवावर रॅप, दुःखावर रॅप, अल्बम संपतच न्हाई. माझी डाळ निवडून झाली तरी पोरगी आपली बडबडतेच. नांदेडला फोन लावून गौरीला म्हणलं, "अर्धं कापून टाक. लोक झोपतील."

"आई, शेवटपर्यंत ऐकलंस का?"

"हाव," म्हणलं. खोटंच.

मग ऐकलं शेवटचं गाणं, आणि त्यातनंच कळलं. बाप गेल्यापासून तिचं इष्टलिंग, आम्ही लिंगायत रोज पूजतो ते, गळ्यात न्हाई, डब्यात हाय. तरी रोज सकाळी फोनवर "पूजा झाली" सांगते, कारण त्याशिवाय मी चहा घेत न्हाई.

आणि हेच मी कापायला लावलं. तो चहा कसा गोड लागत होता मला?

गौरी, सोमवारपर्यंत सांग. खोटं बोलत राहिलीस ते मला भिऊन, का माझी कीव येऊन?