माझी तार आणि तुझा बर्फ

प्रिय दिलीप,

काल तुझ्या तुकडीतला साताऱ्याकडचा जोडीदार तुझी ट्रंक घेऊन अमळनेरला आला होता. आजवर मला वाटत होतं, तुम्ही झोपेत असताना चौकीवरच बर्फ कोसळला असेल. काल खरं कळलं. कोणाला सांगू? म्हणून तुलाच लिहिते आहे.

दारातच त्याने हळू आवाजात विचारलं, "आई कधी गेल्या, ताई?" आणि माय पाण्याचा तांब्या घेऊन स्वतःच बाहेर आली! "मी त्यानी माय. पहिले पाणी पे, भाऊ." त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्यासमोर बिचारा इतकंच बोलला, की तू एकटा उतार उतरताना बर्फाखाली गेलास. का उतरलास, ते मी त्याला स्टँडवर सोडायला गेले तेव्हा त्याने मला सांगितलं.

'आई सीरियस, लवकर ये' ही तार मी केली होती रे. सासरी, धरणगावच्या पोस्टातून, स्वतः जाऊन.

दोन वर्षं आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला कोणी आलं नव्हतं. जावांचे भाऊ यायचे, त्या नटूनथटून निघायच्या, झोक्यावर बसायला. सासूबाई टोचून विचारायच्या, "तुना भाऊले याद तरी शे का, बहीण शे म्हनीसन?" तुझा राग आला होता मला. फौजेतल्या पोराला रजा हवी तर अशी तार करायची, हे आपल्याकडे कोणाला नवं आहे? मीही केली. माय धडधाकट होती, कुरडया घालत होती!

पण तू का निघालास? तुझं कामच बर्फ तपासण्याचं. तूच मला लिहिलं होतंस ना, बर्फात खड्डा खणून थर बघतो, वर घट्ट पापुद्रा आणि खाली साबुदाण्यासारखे सुटे दाणे असले की अख्खा उतार निसटतो? नवा बर्फ पडला की दोन-तीन दिवस हलायचं नाही, उन्हं चढल्यावर तर नाहीच, हेही तुझंच.

त्या दिवशी सकाळी खड्डा खणून तूच सगळ्यांना अडवलंस म्हणे. दुपारी वायरलेसवर माझा निरोप आला. दोघे सोबत यायला निघाले, तर तू म्हणालास, "तुम्ही नका येऊ, बर्फ अजून कच्चा आहे." आणि एकटा उतरलास.

लहानपणी माझी एक थाप तुला खरी वाटायची नाही. हीच कशी वाटली रे, मूर्खा? एक दिवस थांबला असतास तर? कालपासून हेच डोक्यात घुमतं. मला जगायची लाज वाटते, दिलीप.

मी स्टँडवरून परतले तेव्हा मायने विचारलं, "तो ते बरफले इतला वयखे, मंग त्या दिनले काबर निंघना? आखरीले त्याले मनी, मायनी, याद उनी व्हई का?" मी उठून चुलीकडे गेले.

ती आता ओट्यावर गहू निवडते आहे. हे पत्र मिटलं की मी तिच्यासमोर बसणार आणि तारेचं सांगणार. हे माझं वचन. ती मला हाकलून देईल, पुन्हा तोंड बघणार नाही. नको बघू दे. पण तू तिलाच भेटायला उतरला होतास, हे तिला माझ्याशिवाय कोण सांगणार?

तुझी,
अक्का