पहिला घोट

प्रिय फेर्मीन,

देल्फिना असती तर तिने आधी माझ्या अक्षराची टिंगल केली असती आणि मग पत्र तुला वाचून दाखवलं असतं. आता चष्मा तुझा तुलाच शोधावा लागेल. ती गेली, तुझा संसार मोडला, त्याला दीड महिना झाला. मी दारात आलो की तू खिडकीआडून ओरडतोस, "लांब राहा, मीच घरात मरण आणलं." बेकरीच्या रांगेतून आणलं, असं तू पाद्रींनाही सांगितलंस म्हणे. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो रे.

साथीमुळे क्लबला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे होती, हेच वाईट झालं. बोचासच्या गोळ्यांचा खेळ बंद, रविवार बंद, माझं डोकं फिरायची वेळ आली होती. तू मात्र परसात दोरी ताणून रोज तीस गोळे टाकायचास आणि फोनवर आकडा सांगायचास. मग मी घरातल्या बोळात तीस टाकायचो, शेजारीण भिंत बडवायची. निम्मा मोसम आपण असा काढला. तेवढ्यावर भागवायला हवं होतं. पण मला जित्याजागत्या माणसांत खेळायचं होतं. मी मागचं दार उघडलं आणि तुम्हा तिघांना बोलावलं.

तू आलास तो मास्क लावून, चहाचा स्वतःचा तुंबा, ओढायची स्वतःची नळी, वर अंतर मोजायला वेताची काठी. "या डॉक्टरसाहेब!" असं मीच पहिल्यांदा म्हणालो. दोन गोळे छोट्या गोळ्यापासून अगदी सारख्या अंतरावर पडले, सगळी डोकी खाली वाकली, तशी तू काठी मध्ये घातलीस. "लांब व्हा, मग मोजतो." समोरच्या जोडीतला रुबेन भडकला. "आमच्या श्वासाला आता वास यायला लागला होय रे?" तू गोळे पिशवीत भरलेस. तेव्हा मी वाट अडवली आणि माझा येर्बाच्या कडू चहाचा तुंबा तुझ्यापुढे धरला. म्हणालो, "बावीस वर्षं एका नळीने प्यालो. आज चालत नसेल, तर जोडीदार दुसरा बघ." तू माझ्याकडे बघत मास्क खाली केलास आणि तळाशी आवाज येईपर्यंत प्यालास. तो डाव आपण जिंकलोसुद्धा.

लोक म्हणतात, लागण कुठून झाली ते कोण सांगणार? मी सांगतो. ओतणाऱ्याने पहिला घोट स्वतः घ्यायचा, ही आपली रीत. त्या सकाळी मी तो घेतला होता. कडू लागला नाही. येर्बा जुना असेल म्हणून नवा भरला, तरी नुसतं गरम पाणी. चव गेली तर घरातच थांबा, असं रेडिओवर आठवडाभर ओरडून सांगत होते. मला कळलं होतं, फेर्मीन. कळूनही तुंबा भरला आणि तुझ्या हातात दिला. बेकरीत काही झालं नव्हतं. तू घरात काही आणलं नाहीस, मी पाठवलं. मला माफ करू नकोस, पण स्वतःला सोड.

'तुझाच' म्हणायचा हक्क घालवून बसलेला,
ओस्वाल्दो