मॉलमधली होडी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. फहाहील, कुवेत

पाहिला एकदाचा तो नवा मॉल! आत म्हणे अख्खा व्हिएतनाम उभा केलाय. म्हणजे काय, तर प्लॅस्टिकचे बांबू, कागदी कंदील आणि मधोमध तारांनी टांगलेली होडी. आमचा मुलगा सुहास आ वासून बघत होता. आमची सुट्टी ही अशी. पार्किंगमध्ये गाडीत बसून घरचे घावणे खायचे, मग आत शिरून काही न घेता दोन तास फिरायचं.

ती होडी मात्र डोक्यात गेली. ना माशांचा वास, ना डांबराचा डाग. नुसती चकचकीत. लोक रांगा लावून तिच्याखाली फोटो काढत होते. नवरा म्हणाला, "तूही उभी राहा." राहिले! हसलेसुद्धा! शी.

घरी येऊन तोच फोटो बाबांना रत्नागिरीला पाठवला. जन्म होडीवर काढलेला माणूस, म्हटलं पोट धरून हसतील. लगेच फोन आला.

"डांबर खरवडून पॉलिश मारलंय गो. ही आता पाण्यात नाय टिकायची."

मग नेहमीचा प्रश्न, "तुम्ही कायमचे परत कधी येताय?"

अकरा वर्षं मी "पुढच्या वर्षी" म्हणत आलेय. आज विचारलं, "बाबा, पुन्हा डांबर फासलं तर टिकेल का हो ती पाण्यात?"