नातं विचारायचं नाही

लातूर, ५ डिसेंबर ९३, रविवार

सुमतीबाई, माफी असावी. तुम्ही वही देऊन किती दिवस झाले, आणि पहिली ओळ आज लिहितोय. रोज म्हणायचो, उद्या. शिक्षण चौथीपर्यंत, तेही निजामाच्या काळात, उर्दूत. मराठी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. हात अजून उजवीकडून सुरू करायला बघतो.

तुम्ही म्हणालात, अप्पा, दिवसभर दुसऱ्यांचं ऐकता, कुणाला सांगता येत नाही, लिहून तरी काढा. काढतोय. दाखवीन की नाही ते नंतर.

काल निलंग्याच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडांतून घरी आलो. गौराबाईनं (माझी घरची) विचारलं, वाढू का. मी म्हणालो, कुणासाठी वाढायचं, घरात कुणी उरलंच नाही.

ते माझं नव्हतं. भूकंपात सगळं गेलेल्या एका म्हाताऱ्याचं कानडी सकाळी, लोकांचं दुःख ऐकायला पुण्याहून आलेल्या सुमतीबाईंना, मराठीत सांगत होतो, तेच तोंडात राहिलं. समोर मुलगा, सून, नातवंडं बसलेली. गौरानं पळी खाली ठेवली. "थू म्हणा. आधी थू म्हणा!" ती ओरडली. थू म्हणालो. पण जेवण कुणालाच गेलं नाही.

७ डिसेंबर, मंगळवार

आज नागम्मा. (पुढं नुसतं ना. लिहीन.) वय विशी-पंचविशीतलं. नवरा गेला, मूल गेलं. सासू वाचली, दीर शरणप्पा वाचला, त्याची लहान पोर वाचली. पोरीची आई गेली. सगळे एका शेडमध्ये.

बाईंचा प्रश्न साधा. नांदेडला बायकांना दवाखान्याचं काम शिकवतात, राहायची सोय आहे, जायचं का? ना.ला मराठी येत नाही. शरणप्पाला येते. उत्तर त्यानंच दिलं. "न्हाई म्हणते. आमची उडकी ठरून राहिली." उडकी म्हणजे विधवेचा पाट, इथं दिराशीच. ना.ने तोंड उघडलंही नव्हतं.

बाई ठाम. म्हणाल्या, घरच्या माणसानं बोलायचं नाही, अप्पा विचारतील, तुम्ही जरा बाहेर थांबा.

"बाहेर थांबायला मी काय परका हाव?" म्हणाला, पण गेला.

मी समोर बसलो. कानडीत म्हटलं, भिऊ नको बाळ, तू कुणाची? सासर कुणाचं? आमच्यात हे विचारल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा देत नाही. जन्मभर खणांचं गाठोडं घेऊन सीमेवरचे बाजार केले. गिऱ्हाइकाचं गाव आधी, खणाचा रंग मागनं. तिनं सासूचं नाव सांगितलं, सासूचं माहेर सांगितलं. मी हरखलो. "अगं, मग तुझी सासू माझ्या भावकीतली! माझी बहीणच की!" वाटलं, आता हिला धीर येईल.

तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तोंड पत्र्याकडं केलं.

मी मामेसासरा झालो. मामेसासऱ्यापुढं सून बोलत नाही. बाई विचारत होत्या, काय म्हणाली, अप्पा? काय सांगू. तिच्या स्वतःच्या माहेरापर्यंत तर पोचलोच नाही.

८ डिसेंबर, बुधवार

झोप नाही. बाईंना म्हणालो, मला काढा, दुसरा कानडीवाला बघा. दुसरा कुठला? दोन्ही भाषा येणारा तिथं एक शरणप्पाच.

बाई म्हणतात, "नातेवाईक निघालात तर बरंच झालं ना?" पुण्याच्या माणसाला कसं सांगावं? परका होतो तेव्हा तिला तोंड होतं. नातं काढलं आणि मीच ते बंद केलं. दोन वेळा समजावल्यावर म्हणाल्या, "मग यापुढं नातं विचारायचं नाही." बरोबर आहे. पण ना.चं काय? शुक्रवारी नांदेडला होय की नाही ते कळवायचंय. नाही कळवलं की ती जागा दुसरीला.

शरणप्पा टपरीवर भेटला. कालपर्यंत अप्पा म्हणायचा. आज, "मामा, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. ह्या लेकराला आई कुठनं आणू?" चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. वाईट माणूस नाही. तेच जड जातंय.

माझा मुलगा क्लासमध्ये गणित शिकवतो. वरच्या खोल्यांत बाहेरगावची पोरं ठेवलीत, दिवसभर पाठांतर चालतं. म्हणाला, "अप्पा, बास करा आता. तुमचा चेहरा बघून पोरंसुद्धा विचारतात." म्हटलं, तुझं पोरगं नापास झालं तर पुन्हा बसतं. हिला कोण पुन्हा बसवणार? उद्या जाणार.

९ डिसेंबर, गुरुवार

गेलो. मध्ये चादर बांधली, पाठ फिरवून बसलो, चादरीला प्रश्न विचारला. पलीकडून बांगडीचाही आवाज नाही. बांगड्या नाहीतच म्हणा.

उलट सासूच आली. "भाऊ आला गं माझा!" ज्वारीची भाकरी, ठेचा, वर कांदा फोडून. नाही म्हणता येईना. खाल्ली. आता बहिणीची भाकरी पोटात घेऊन तिच्या सुनेला विचारायचं, तुला इथनं जायचं का?

घरी आल्यावर गौराला नाव-गाव न सांगता विचारलं, मामेसासऱ्यापुढं सून कधी बोलते?

"तो मेल्यावर," म्हणाली. मग, "माहेर कुठलं तिचं?"

"विचारलं नाही."

"सासर विचारलं आन् माहेर न्हाई? गड्याची जात! मला न्या."

म्हटलं, बाईंना विचारल्याशिवाय नाही. तिथलं बाहेर काढायचं नाही असा शब्द दिलाय.

"मग विचारा की. मी काय तिथं लाडू खायाला येते?"

१० डिसेंबर, शुक्रवार

बाई हो म्हणाल्या, पण आधी ना.ला विचारून. मान हलली म्हणे. गौरा आत, मी दाराबाहेर ऊन खात. शरणप्पाला बाईंनी सामानाच्या शेडकडं पाठवलेलं.

बराच वेळ दोघींची कुजबुज. गौराचा जन्म सीमेपलीकडचा, भालकीकडचा; ना.चं माहेरही तिकडचंच निघालं. आमच्या लातुरातल्या निम्म्या बायका त्याच बाजूनं आलेल्या. तिथल्या कुठल्याही पोरीचा बाप, मामा, आजा असा चाळत गेलं की काहीतरी हाताला लागणारच, हे तिला घरूनच ठाऊक होतं. मला मात्र सुचलं नव्हतं.

आतून हाक आली. "या आता. हिचा बाप मला अक्का म्हणायचा. म्हंजे ही माझी भाची. माझ्या माहेरची पोर माझ्या नवऱ्यापुढं पदर घेती व्हय? जन्माचं नातं आधी, लग्नाचं मागनं!"

नातं खरं किती, महादेव जाणे. पण ना.चा पदर कपाळापर्यंत मागं गेला. डोळे पहिल्यांदा दिसले. मला काका म्हणाली.

मग बोलली. मध्ये थांबलीच नाही. मी बाईंना सांगत गेलो, जसं ती म्हणाली तसं: मी दिराला नाव ठेवत नाही. पोर मला आई म्हणते, मलाही सोडवत नाही. पण त्या घरच्या मातीतून मी माझं मूल या हातांनी काढलं. त्याच घरची सून पुन्हा व्हायचं नाही. मला नको. मला नांदेडला जायचंय. पोरीला सांगा, मी पळाले नाही.

"नंग ब्याड" हे तिनं दोनदा म्हटलं, म्हणून "मला नको" मीही दोनदा सांगितलं. बाईंनी मला पाणी दिलं, थांबायला सांगितलं. थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं.

बाईंनी विचारलं, हे घरच्यांना कोण सांगेल? ना. म्हणाली, काकांनी. माझ्याच्यानं होणार नाही.

सांगितलं. सासू, म्हणजे आता माझी बहीण, एवढंच म्हणाली, "माझी भाकरी खाल्लीस ना रे?"

शरणप्पा म्हणाला, "मामा, तिचं ऐकायला तुमी हाव, मामी हाव, बाई हायत. माझं कोण ऐकलं? मला मराठी येते, म्हणून मला कुणी इचारलंच न्हाई. सगळे मलाच म्हणतात, हिला सांग, तिला सांग."

त्याची बायको गेली, भाऊ गेला, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या वस्तीचं हाच मराठीत सांगत होता. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हेही बाईंना शब्दाला शब्द सांगितलं. मराठीच होतं, पण सांगायला लागलंच.

१३ डिसेंबर, सोमवार

ना. नांदेडच्या गाडीत बसली, बाई सोबत. लिहिता येत नाही तिला. मी पोस्टकार्डं घेतली, सगळ्यांवर माझा पत्ता माझ्या हातानं घातला. म्हटलं, बरं असलं की कोरं टाक. बरं नसलं तर कोपरा फाडून टाक, मी पहिल्या गाडीनं येतो.

गौरा ओरडली, "कोपरा फाडायला सांगता? कोण मेलं म्हणायचं? शुभ बोला की!" मग ठरलं, बरं नसलं तर काजळाचं बोट. काजळाची डबी तिनंच पदरातून काढून दिली.

शरणप्पा आला नाही. पण पोरीला न्हाऊ घालून, तेल लावून आजीबरोबर पाठवलं होतं. दोघी लांब उभ्या. ना. खाली उतरली, पोरीच्या कानात काहीतरी म्हणाली, परत चढली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही. सगळंच आपण ऐकायचं नसतं.

गाडी हलल्यावर भीती वाटली. तिकडं कानडी कोण बोलणार? बिलोलीकडच्या बायका असल्या तर त्यांचं तेलुगू. "मला कळलं नाही, पुन्हा सांगा," एवढं मराठी शिकवलंय. तेवढं पुरे का?

२१ डिसेंबर, मंगळवार

दुसरी वस्ती. नवा नियम पाळला. एका म्हातारीनं विचारलं, तू कुणाचा रं? गाव कुठलं? मी म्हणालो, ते राहू द्या, तुमचं सांगा. "गाव सांगत न्हाई? चोर हायस का जावई?" सगळी शेड हसली. मीही हसलो. किती दिवसांनी.

मध्ये विसावा घ्या, हे बाईंचं म्हणणं ऐकतो आता. दोन माणसांचं ऐकलं की उठतो, चहा पितो, मग तिसऱ्याचं. पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटायचं.

बाईंनी शरणप्पाला वेगळं बसवून विचारलं. त्याला मध्ये माणूस लागत नाही, तरी म्हणाला, मामांना बसू द्या. बसलो. तो बोलला आणि मी काहीच सांगितलं नाही. तेही काम निघालं.

कार्ड नाही. नवी जागा आहे, पेटी सापडली नसेल.

२ जानेवारी ९४, रविवार

कार्ड नाही. मुलगा म्हणतो, कोरं कार्ड पोस्टमन देतो तरी का? जाऊन पोस्टमनला विचारून आलो. "पत्ता असला की देतो, मजकूर तुमचा तुम्ही बघा."

काजळ सांडलं असेल. कार्डं कुणी घेतली असतील. नाहीतर खुशाल असेल, कामात विसरली असेल. तसंच असो. बाई पुण्याला गेल्यात, संक्रांतीनंतर येणार.

आज शरणप्पा घरी आला. "आई अंथरुणाला खिळली. ना.चं नाव घेत ऱ्हाते. मामा, मी नांदेडला निघालो हाव. तुमी चला."

"तुला कानडी येतं की. मी कशाला?"

"माझ्यापुढं ती बोलायची न्हाई. येते का न येते, तिच्याच तोंडनं ऐकायचंय. तुमी मधी बसा."

गौरा दारातून बघत होती. बहीण खोटं आजारी नसेल. पोरही कोमेजली असेल. पण दार वाजलं आणि समोर दीर आणि मामेसासरा उभे, असं दिसलं की तिचा पदर परत हनुवटीपर्यंत येईल. मग तिच्या तोंडून काय ऐकणार?

म्हणालो, "बाईंना पुण्याला पत्र घालतो, आईचं दुखणं त्या तिला कळवतील, जसंच्या तसं. ती ये म्हणाली तर तुझ्याबरोबर येईन. तिनं बोलावल्याशिवाय मी येत नाही, तूही जाऊ नको."

"आन् बोलावलंच न्हाई तर?"

"तर न्हाई."

जेवून जा म्हटलं. जेवला. जाताना मामा म्हणाला नाही, अप्पा म्हणाला. बरं वाटलं की वाईट, ठरवता येत नाही. जाणार नाही असा शब्दही त्यानं दिलेला नाही.

उद्या पोस्टमन येईपर्यंत दारातच बसणार.

नागम्मा, सासूचं दुखणं ऐकून यायचं की नाही, तुझं तू ठरव. पण खुशाली कळव. कोरं टाक, काजळाचं टाक, पण टाक. लवकर टाक, बाळ.