मुका हुलगा

१८ नोव्हें. १९५६, मोशी

हुलगा दवात उपटायचा ही आपली रीत. आज जमलं नाही. निम्मी माणसं पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर. बाया आल्या तोवर ऊन चढलेलं. शेंगा तडतड फुटायला लागल्या, भट्टीत फुटाणे उडावेत तशा. दाणा सगळा मातीत. होल्या-पारव्यांची चंगळ.

बांधाकडचं एक झाड मात्र गप्प. वाळून कडक, पण एक शेंग तडकलेली नाही. कान लावून बसलो. बाया हसल्या. त्याचं बी धरायला पिशवी आणावी म्हणून खोपीत गेलो, आलो तर झाड बैलापुढं. चंद्राबाईनं टाकलेलं. आमच्या रानात तिचा जन्म गेला.

"आवो नाना, मुका हुलगा त्यो. दिसला की उपटायचा नि बैलाला घालायचा. तुमीच सांगितलं व्हतं न्हाई का?"

सांगितलं होतं.

१९ नोव्हें.

चाकणला आडत टाकली तेव्हाचं. हमाली सोडून नुकता गादीवर बसलेलो, मिजास फार. मालात अख्ख्या शेंगा यायच्या, बडवूनही न फुटलेल्या. भर बाजारात म्हणालो, हे मुकं बी मोडून काढा, दिसलं तर पोतं माघारी. लोकांनी ऐकलं. सगळे दवात उपटणार, म्हणजे उन्हात दाणा धरून ठेवायचा त्याचा गुण दिसणार कुणाला? खळ्यावरचा त्रास तेवढा दिसला. बडवायला दोन दांडके जास्त लागले असते, एवढंच. आणि मी—

२३ नोव्हें.

चिखली, कुरुळी, निघोजे. मुकं बी विचारत फिरलो. जो तो छाती काढून सांगतो. कुरुळीत एक जण: "एक झाड ऱ्हाऊ दिलं न्हाई, नाना. तुमचा शब्द." वर चहा पाजला.

२६ नोव्हें.

चंद्राबाई म्हणाली, म्हाळुंग्याच्या माळावर धोंडिबा आहे, तो तुमच्याकडं माल घालत नाही, त्याच्यात बघा. गेलो. खळ्यावर हुलग्याचा ढीग, भर दुपार, आणि आवाज नाही.

"वळखलं का? माझं पोतं माघारी धाडलंत. मंग म्हनलं, इकायचंच न्हाई. घरीच खातो." हसत म्हणाला, ते जास्त लागलं.

चूक झाली म्हणालो. पायलीभर बी मागितलं.

"माझी ना न्हाई. पर त्या दिशी पोतं डोक्यावर घिऊन म्हातारी आय माघारी आली, चाकणपासनं. तिला इचारा."

म्हातारी आत दळत होती. दारातून विचारलं. जातं थांबलं. उभा राहिलो. मग घरघर पुन्हा सुरू झाली.

उद्या परत जाणार. आज दारातून तिला नेमकं काय म्हणालो ते आठवून पाहतोय. बी मागितलं. चूक झाली हे धोंडिबाला म्हणालो. तिला नाही.