वीतभर खाली आलेला आरसा

चि. अंबादास यास आशीर्वाद.

सकाळच्या गाडीने येवल्याहून आले, तर तू कामावर गेलेला. शेजारच्या सुलाबाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "भाऊ आत्ताच डबा घेऊन गेले." पत्रात तर तू खाणावळीच्या जेवणाला रडतोस! मी विचारलं, "डबा करून कोण देतं?" तर नेमकी त्यांची डाळ उतू गेली. मला वास काही आला नाही.

परातीत कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवली आहे. पिंडासारखी दिसू नये म्हणून बायका उमटवतात, तशी तिच्यावर चार बोटं उमटलेली. तुझी बोटं इतकी बारीक कधी झाली रे? भिंतीवरचा आरसाही वीतभर खाली आलाय. दाढी करताना वाकत असशील.

लग्न केलंस असं मी धरून चालते. केलं नसेल तर काय धरायचं, ते तूच सांग.

तुझ्या वडिलांना हे परक्याकडून कळलं, तर ते तुझं तोंड बघायचे नाहीत. आज त्यांना एवढंच सांगेन की तू भेटला नाहीस. ते खोटंही नाही. पुढचं मी हळूहळू बघते.

दुपारी भद्रकालीच्या बाजारातून खण-नारळ आणला, इथेच ठेवणार होते. पण ओटी फळीवर ठेवून भरत नाहीत, समोर बसवून भरतात. म्हणून परत नेते आहे. रविवारी दोघं या. ती लाजली तरी आण. तू लाजलास, तर तिला एकटीला पाठव.

— आई