सर्व्हरच्या वायरी काढू नकोस

ठमे,

उठल्या उठल्या वायरी उपटायला धावू नकोस. घरचे जुने फोटो ठेवायला केलेलं तुझं क्लाउड चाललंय!

चार जुने कॉम्प्युटर जोडून, खुली सॉफ्टवेअरं घालून इतके दिवस खपलीस, आणि बाहेरून बघायचा पत्ता उघडेना म्हणून काल सगळं भंगारात घालायला निघालीस. अगं, तो पत्ता तू घरातच बसून उघडत होतीस, तो बाहेरूनच उघडतो! आत्याला पाठवला होतास ना? आत्ताच तिचा फोन आला. “आई, इथून लख्ख उघडतंय की! फोटोत मी आणि दादा एका सायकलवर, दोघांचेही गुडघे फुटलेले!”

मग हसता हसता हळूच म्हणाली, “दादा आहे का गं घरी?”

जुनं घर विकण्यावरून दोघांचं बोलणं तुटलं, तेव्हापासून तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी फोन तुझ्या बाबांच्या हातात दिला आणि त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं, आता दोघं भांडतायत, सायकल कोणी पाडली म्हणून.

मी बागेत चाललेय. चहा तुझा तू कर, आणि त्या खोलीत एवढ्यात डोकावू नकोस.

– आजी